रद्दीच्या लगद्यापासून विटा: घरी पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

माझी पहिली वीट दिसायला झकास झाली होती. हलकी, करडी, कडा स्वच्छ. मी तिच्यावर रंगाचे दोन हात मारले आणि फडताळावर ठेवून दिली. पंधरा दिवसांनी रंगाला फोड आले. एक फोड नखाने उचकटला तर आतून ओल्या गोणपाटासारखा वास आला. वीट बाहेरून वाळली होती, आतून नाही.

कागदाच्या विटांचं काम कागदाचं वाटतं, पण सगळी गणितं पाण्याची आहेत. लगद्यात पाणी किती, ते कधी बाहेर पडतं आणि पुन्हा आत कुठून शिरतं, एवढं कळलं की बाकीचं हात आपोआप शिकतो. मला हे कळायला तीन-चार घाणे वाया घालवावे लागले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

कागदाचा लगदा, सिमेंट आणि बहुधा थोडी वाळू यांच्या मिश्रणाला पेपरक्रीट म्हणतात. सिमेंटऐवजी चिकणमाती घातली तर काम सोपं होतं, स्वस्त पडतं आणि चूक निस्तरता येते. या लेखात दोन्ही आहेत.

१. आधी ठरवा: ही वीट कुठे लागणार आहे?

उत्तर "घराची भिंत" असेल तर जरा थांबा. पेपरक्रीट भार घेताना काँक्रीटसारखं फुटत नाही, दबत जातं. ऐकायला बरं वाटतं, पण छत पेलणारी भिंत हळूहळू दबणं ही चांगली बातमी नव्हे. शिवाय लगदा, मिश्रण, दाब, वाळवण यांतलं काहीही बदललं की ताकद बदलते, त्यामुळे माझ्या विटेचा आकडा तुमच्या विटेला लागू होत नाही. भार पेलणारं काहीही करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि बांधकामाची परवानगी या दोन्हींशिवाय पुढे जाऊ नका.

घरी करायच्या सुरक्षित गोष्टीही पुष्कळ आहेत. आतल्या बाजूचे उष्णतारोधक तक्ते, आवाज शोषणारे पॅनेल, भार नसलेला आडोसा, कोरड्या जागेतल्या शोभेच्या वस्तू. न्हाणीघर, जमिनीखालचं बांधकाम, चुलीची किंवा धुराड्याची आसपासची जागा यांच्या वाटेला जाऊ नका.

पहिल्या घाण्यात सहा छोट्या विटा पुरेत. माझा पहिला घाणा चाळीस विटांचा होता आणि त्या चाळीसही एकाच चुकीच्या नकला होत्या.

२. सामान

- २० लिटरच्या दोन-तीन बादल्या, एकीला झाकण
- हळू फिरणारं, दमदार ड्रिल आणि रंग ढवळायची लोखंडी ढवळणी
- जाळीचं कापड किंवा जुनी मच्छरदाणी, लगदा निथळायला
- ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- बिनतळाचे लाकडी साचे, आतून २० × १० × ८ सेंमी
- साच्याखाली ठेवायला भोकं पाडलेली फळी किंवा जाळी
- घमेलं, थापी, फूटपट्टी, चुंबक
- कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद बसणारा चष्मा, धुळीचा मास्क
- सिमेंट, बारीक चाळलेली वाळू, चिकणमाती
- वही आणि न पुसला जाणारा मार्कर

या यादीत सर्वांत मोलाचा वजनकाटा आहे. तो नसेल तर विटा होतील, पण त्या का बिघडल्या किंवा का जमल्या हे कधीच कळणार नाही.

ड्रिलबद्दल दोन शब्द. भिंतीला भोक पाडायचं लहान ड्रिल लगद्यात घातलं की पाच मिनिटांत तापतं. माझं एक जळालं. बादलीभर पाणी आणि विजेचं यंत्र शेजारी असणार आहे, म्हणून करंट गळताच वीज तोडणारा स्विच बसवलेल्या पॉइंटवरच ते लावा. स्वयंपाकघरातलं मिक्सर वापरायचा मोह होतो, पण मग ते मिक्सर कायमचं या कामालाच द्यावं लागेल.

३. कागद निवडणं

वर्तमानपत्राचा कागद नवख्याचा मित्र आहे. तो लाकूड यंत्राने दळून बनवलेला असतो, त्याच्यावर लेप नसतो, म्हणून लवकर विरघळतो. नालीदार पुठ्ठ्याचे तंतू लांब आणि चिवट असतात, त्यामुळे वीट चांगली बांधली जाते, पण भिजायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. त्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात हे लक्षात ठेवा, पुढे सिमेंटच्या पायरीत ते आडवं येतं. छपाईचा साधा पांढरा कागद चालतो, फक्त धीर हवा.

गुळगुळीत मासिकांनी मला फसवलं. वजनाला भारी, म्हणजे माल भरपूर असं वाटलं. प्रत्यक्षात त्या वजनाचा मोठा भाग चिनीमाती आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या लेपाचा असतो. लगदा चिखलासारखा होतो, निथळत नाही. एखादं मासिक मिसळलं तर बिघडत नाही, सगळा घाणा त्याचा करू नका.

साफ टाळायचे कागद: बिलांच्या गुळगुळीत पावत्या (त्यांच्या उष्णतेने उमटणाऱ्या लेपात बिस्फेनॉलसारखी रसायनं असू शकतात), प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेला कागद, मेणकट कप, पेयांची खोकी, हात पुसायचे कागदी रुमाल. रुमाल ओले झाले तरी फाटू नयेत असेच बनवलेले असतात, ते तुमच्या ड्रिललाही दाद देत नाहीत. बुरशी धरलेली रद्दी तर दारातूनच परत पाठवा.

टाचण्या आणि चिकटपट्ट्या आधी काढा. राहिलेल्या टाचण्या लगद्यात चुंबक फिरवून सापडतात.

४. भिजवणं

कोरड्या कागदाचं वजन करून वहीत लिहा. हे आत्ताच करायचं आहे, एकदा पाणी लागलं की ती संधी गेली. मग दोन-तीन बोटं रुंद पट्ट्या फाडा आणि बादलीत पाण्याखाली पूर्ण बुडवा. १ किलो कागदाला साधारण २० लिटर पाणी लागतं, म्हणजे एका बादलीत ७००-८०० ग्रॅमच्या वर कागद घालू नका. वर्तमानपत्राला २४ तास, पुठ्ठ्याला दोन ते तीन दिवस. गरम पाण्याने काम लवकर होतं.

आठवडाभर विसरू मात्र नका. लगदा आंबतो आणि तो वास हातमोज्यांतूनही हाताला लागतो.

५. लगदा करणं आणि निथळणं

ढवळणी आधी बुडवा, मग ड्रिल सुरू करा. उलटं केलंत तर भिंतीवर बातम्या छापल्या जातील. थांबून थांबून पाच-दहा मिनिटं फिरवा.

लगदा झाला का हे पाहण्यासाठी पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, चिमूटभर लगदा टाका आणि हलवा. ढगासारखं पसरलं तर झालं. अक्षरं वाचता येतील असे तुकडे तरंगले तर अजून फिरवा. मात्र पेस्ट होईपर्यंत घोटू नका. फार बारीक लगदा पाणी धरून ठेवतो आणि वाळताना जास्त आकसतो.

आता या लेखातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट. लगदा जाळीत ओता, निथळू द्या, हाताने पिळा आणि पुन्हा वजन करा. माझ्या हाताने पिळलेला लगदा कोरड्या कागदाच्या चौपट ते पाचपट भरतो. म्हणजे १ किलो कागदाचे साडेचार किलो झाले, तर आत साडेतीन लिटर पाणी आहे. तुमचा आकडा वेगळा येईल, हरकत नाही, पण प्रत्येक घाण्याला तोच आणा. "दोन घमेली लगदा, एक घमेलं सिमेंट" अशी मापं ऐकायला सोपी असतात. पण एका दिवशीच्या घमेल्यात दुसऱ्या दिवसापेक्षा निम्मंच पाणी असतं, मग एक वीट दगडासारखी होते, दुसरी बिस्किटासारखी, आणि आपण दोष सिमेंटला देतो.

६. मिश्रण

खालची मापं कोरड्या वजनाची आहेत. तिन्हींच्या दोन-दोन विटा करा.

- क: कागद १ किलो, सिमेंट दीड किलो, वाळू १ किलो. तिघांत कडक.
- ख: कागद १ किलो, सिमेंट १ किलो, वाळू नाही. हलकी, करवतीने सहज कापली जाणारी.
- ग: कागद १ किलो, चाळलेली चिकणमाती ३ किलो, सिमेंट नाही. फक्त आतल्या, कोरड्या जागेसाठी.

दोन विटांना एवढा माल लागत नाही, प्रमाण तेच ठेवून साधारण दोन तृतीयांश घ्या.

पिळलेला लगदा घमेल्यात मोकळा करा. सिमेंट वरून चाळणीने भुरभुरवत मिसळा, शेवटी वाळू. गोळा मुठीत दाबल्यावर आकार धरावा आणि बोटांतून पाण्याचे दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर जाळीवर घेऊन पुन्हा निथळा. सिमेंट पडल्यापासून तासाभरात माल साच्यात गेला पाहिजे. आवळायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागलेल्या मालात पाणी घालून तो "जागा" करण्याच्या भानगडीत पडू नका.

इथे हातमोजे हवेतच. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं, आणि त्याची जळजळ लगेच जाणवत नाही. कळतं तेव्हा कातडी सोलवटलेली असते. कपड्यांतून आत ओल गेली तर काम थांबवून धुवा. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५-२० मिनिटं धरा आणि थेट डॉक्टरांकडे जा. कोरडं सिमेंट आणि वाळू हाताळताना मास्क लावा, वाळूच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते.

आणखी दोन खाचखळगे सांगते, कारण दोन्हींत मी पडले आहे. पहिला, स्टार्च आणि साखर सिमेंटचं आवळणं लांबवतात. नुसत्या पुठ्ठ्याच्या घाण्याला दुसऱ्या दिवशीही बोट रुततं ते बरेचदा यामुळे. भिजवणीचं पाणी एकदा बदललं की फरक पडतो. दुसरा खड्डा बोरॅक्सचा. रद्दीपासून बनणाऱ्या सुट्या सेल्युलोज इन्सुलेशनमध्ये, म्हणजे भिंतीत भरायच्या उष्णतारोधक भुशात, आग आणि कीड रोखायला बोरेट क्षार घालतात (बोरॅक्स त्यांतलाच एक), हे वाचून मी ते सिमेंटच्या मिश्रणात घातले. बोरेट सिमेंटचं आवळणं चांगलंच रोखतात. तीन दिवसांनीही साच्यात चिखलच होता. बोरॅक्स वापरायचंच असेल तर "ग" मध्ये वापरा, लहान मुलं आणि जनावरांपासून दूर ठेवून.

सिमेंटचं उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. बादलीत बसू द्या, तळाचा गाळ घट्ट झाला की काढून टाका आणि वरचं पाणी पुढच्या घाण्याला घ्या.

७. साच्यात भरणं

साच्याला आतून साबणाचं पाणी लावा. माल दोन-तीन थरांत भरा, प्रत्येक थर कोपऱ्यांत बोटांनी दाबा. बहुतेकांच्या विटांचे कोपरेच आधी झडतात, कारण मध्ये जोर लावला जातो आणि कडा पोकळ राहतात.

किती दाबायचं हे विटेच्या कामावर ठरतं. जास्त दाबलं की वीट मजबूत होते, पण आतली हवा निघून जाते आणि उष्णता अडवण्याचं काम ती हवाच करत असते. मी तक्त्यांसाठी हलक्या हाताने भरते.

जाडी १० सेंमीच्या पुढे नेऊ नका. पाणी निथळलं की साचा सरळ वर उचला, वाकडा केलात तर वीट कंबरेत मोडते. लगेच तिच्यावर घाण्याचा क्रमांक आणि तारीख कोरा. आठवडाभराने सगळ्या विटा सारख्याच दिसतात.

८. वाळवणं

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता, म्हणून तर ते फोड.

सिमेंटच्या विटांना पहिले दोन दिवस सावलीत, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, ते आधीच उडालं तर कडा भुसभुशीत होतात. मग झाकण काढा आणि वारा खेळेल अशा सावलीत, जाळीवर, उभ्या ठेवा. रोज बाजू बदला. आठवड्यानंतर ऊन दाखवलं तरी चालेल. मातीच्या विटा झाकायच्या नाहीत, पण कडक उन्हात घाईने वाळवल्या तर त्या तडकतात.

वाळली हे डोळ्यांनी ठरवू नका, आणि हातानेही नाही. दर दोन दिवसांनी वजन करून वहीत लिहा. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग हळू, मग एकदम थांबल्यासारखं वाटतं. सलग तीन नोंदी सारख्या आल्या की वीट वाळली. कोरड्या हवेत दोन-तीन आठवडे, दमट हवेत महिना-दीड महिनाही लागतो. पावसाळी हवेत मी नवा घाणा घालतच नाही. वजन थांबलं तरी सिमेंटच्या विटेची ताकद २८ दिवसांनीच तपासा.

वाळताना वीट आकसणारच. साच्याच्या मापातून वाळलेल्या विटेचं माप वजा करा आणि लिहून ठेवा, पुढचा साचा तेवढा मोठा करता येतो. वाळू आकसणं कमी करते. "क" आणि "ख" शेजारी ठेवलेत की फरक फूटपट्टीशिवायही दिसतो.

९. चाचण्या

*पाणी.* कोरड्या विटेचं वजन घ्या, २४ तास बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ९०० ग्रॅमची वीट १,७५० ग्रॅम झाली तर तिने ९४ टक्के पाणी प्यालं. घाबरू नका, कागद असलेली वीट एवढी पिते. चांगली भाजलेली मातीची वीट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून कमी पाणी घेते, यावरून आपली वीट उघड्यावर का ठेवायची नाही ते कळावं. "ग" ची वीट बुडवू नका, सकाळी बादलीत गाळ मिळेल.

*भार.* वीट दोन लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवा आणि मधोमध वजन वाढवत न्या. पाय बाजूला ठेवा. कुठल्या वजनाला वाकली आणि कुठल्या वजनाला तुटली ते लिहा. हा प्रयोगशाळेचा आकडा नव्हे, पण क, ख, ग यांची तुलना करायला पुरतो.

*आग.* ही फक्त उघड्यावर, वारा नसताना, पाण्याची बादली शेजारी ठेवून. वीट चिमट्यात धरून कोपऱ्यावर ज्योत धरा. सिमेंटची वीट बहुधा पेट घेत नाही, नुसती काळी पडते, आणि इथेच फसगत होते. ज्योत काढल्यावरही ती आतून उदबत्तीसारखी धुमसत राहू शकते, तासन्‌तास, धूरही न दिसता. चाचणी झालेली वीट घरात आणू नका. पाण्यात बुडवून रात्रभर मोकळ्या मातीवर ठेवा. "न जळणारी कागदी वीट" असा दावा कुणी केला तर त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते विचारा.

*बुरशी.* एक वाळलेली वीट ओल्या फडक्यासह झाकणाच्या डब्यात दोन आठवडे ठेवा. ताज्या सिमेंटच्या क्षारामुळे बुरशी सुरुवातीला दबून राहते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो क्षार पुढे कमी होत जातो, म्हणून हीच चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करा.

१०. जागेवर बसवणं

कागदाची बांधकामं टिकली आहेत, पण ती कशी टिकली हे पाहा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्टला एलिस स्टेनमन या इंजिनिअरने १९२२ मध्ये वर्तमानपत्रांचे थर चिकटवून घराच्या भिंती केल्या. ते घर अजून उभं आहे. त्याचा सांगाडा आणि छप्पर मात्र लाकडाचं आहे, आणि कागदावर वॉर्निश आहे. शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने १९९५ च्या कोबे भूकंपानंतर बेघरांसाठी कागदी नळ्यांची घरं उभारली, तेव्हा नळ्या जमिनीत रोवल्या नाहीत. खाली वाळूच्या पिशव्यांनी भरलेले प्लॅस्टिकचे क्रेट होते.

तेव्हा तुमच्या विटाही जमिनीला टेकवू नका. खाली दगड किंवा काँक्रीटचा थर द्या, त्यावर ओल अडवणारा पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक, मग वीट. वर छप्पर पुढे आलेलं हवं. गिलावा चुन्याचा किंवा मातीचा करा, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहते. प्लॅस्टिकचा रंग पाऊस अडवतो खरा, पण एखाद्या भेगेतून आत गेलेलं पाणीही अडवून ठेवतो. वीट साध्या करवतीने कापली जाते. वाळू असेल तर पातं लवकर बोथट होतं, म्हणून जुनी करवत वापरा, मास्क लावून.

११. बिघडलेल्या विटांचं काय?

रद्दी वापरली म्हणून हे काम आपोआप पर्यावरणाच्या भल्याचं होत नाही. "क" मध्ये कागदापेक्षा सिमेंट जास्त आहे, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. कागदाचा तंतू साधारण पाच-सात वेळा नव्या कागदात फिरू शकतो, सिमेंटमध्ये गेला की ती फेरी संपली. मी म्हणूनच आता चांगली, कोरी रद्दी कागदाच्या पुनर्वापराला देते आणि फाटकी, डागाळलेली इथे वापरते.

सिमेंटच्या फसलेल्या विटा रद्दीत जात नाहीत, बांधकामाच्या राड्यारोड्यातच जातात. माझ्या पहिल्या चाळीस अजून एका कोपऱ्यात रचून आहेत. मातीच्या विटा मात्र फोडा, बादलीत टाका, वर पाणी ओता. दोन दिवसांनी ढवळलंत की नवा घाणा तयार, फक्त कोरडं वजन वहीत आधीच लिहिलेलं असू द्या.